अक्का आणि तिचे कोरियन

मान मागून धरून अक्का पिठाच्या पोत्याला टेकली, घसरत घसरत खाली बसली, आणि आम्ही तिघी हसलो. शोभा तर इतकी हसली की तिच्या हातातला उंडा परातीबाहेर पडला.

"गेला चेअरमन," मी म्हणाले आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

का हसलो ते आधी सांगते. तुमच्यापैकी ज्यांनी कोरियन मालिका बघितल्यात त्यांना ठाऊक असेल. त्यांत एक म्हातारा असतो, मोठ्या कंपनीचा मालक. सगळे त्याला चेअरमन म्हणतात. एक दिवस नातू येऊन सांगतो, मी या गरीब मुलीशीच लग्न करणार. म्हातारा मान मागून धरतो, डोळे फिरवतो आणि पडतो. मग दोन-तीन भाग दवाखान्यात नुसता झोपून असतो. अक्का ही नक्कल सहा वर्षं करत होती. पडून झालं की डोळे अर्धे मिटायची आणि म्हणायची, "आता मी कोमात. पंधराव्या भागात उठवा." तिचे गुडघे दुखायचे, तेवढीच विश्रांती. आम्हीही तिला अर्धा तास तशीच राहू द्यायचो. तिच्या तव्याकडं गंगव्वा बघायची.

त्या दिवशी ती कोमाचं वाक्य बोलली नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, विसरली असेल.

हुबळीत उणकलला तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची एक खोली आहे. तिथं आम्ही चौघी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायचो. मी, अक्का, गंगव्वा आणि शोभा. मी सर्वांत थोरली, शोभा सर्वांत धाकटी, तीही चाळिशीची. अक्काचा फोन डब्याला टेकवून मध्ये ठेवलेला असायचा. माझी चूल अशी की माझी पाठ फोनकडं. त्यामुळं मी सहा वर्षांत एकही मालिका बघितली नाही. ऐकल्या मात्र सगळ्या, अक्काच्या तोंडून.

फोन चालू होता. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी दार आपटलं. बराच वेळ गेला. गंगव्वा पाणी प्यायला उठली आणि अक्काजवळ थबकली.

"ए यव्वा! एनातु इकीगे?" ती ओरडली.

हिला काय झालं, असं ती विचारत होती. मी वळून बघितलं. अक्काचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि त्यातून लाळ पदरावर गळत होती. उजवा हात जमिनीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी तो उचलला आणि सोडला. तो पडला.

शोभा रस्त्यावर धावली आणि ऑटो घेऊन आली. आम्ही अक्काला उचलून त्यात घातलं. हातांना पीठ तसंच होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आला. त्यानं अक्काचे डोळे बघितले, हात-पाय बघितले आणि विचारलं, "कधी सुरू झालं हे?"

"आत्ताच," शोभा म्हणाली. "पाच मिनिटं झाली. पडली की लगेच आणलं."

डॉक्टर म्हणाला, "नीट आठवून सांगा. गुठळी असेल तर विरघळवायची सुई आहे. पण ती वेळ बघूनच देतात. उशीर झाला असला आणि दिली, तर मेंदूत रक्त उतरतं."

शोभा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "ही खोटं बोलते. हिला लाज वाटतेय. ही बाई पडली त्याच्यानंतर माझ्या तीस भाकऱ्या झाल्या."

"तीस भाकऱ्या?"

"माझी एक भाकरी एका मिनिटाची. थापून तव्यावर पडेपर्यंत. चाळीस वर्षं तेच आहे. मार्केट यार्डाच्या खानावळीची रिक्षा दीडला भाकऱ्या घेऊन जाते. ती गेली आणि आम्ही पुन्हा बसलो. ही पडली तेव्हा मी विसावी ठेवत होते. गंगव्वा ओरडली तेव्हा माझ्या हातात पन्नासावी होती."

डॉक्टरनं मनात हिशेब केला. "म्हणजे एक पन्नास. आणि ती तीस मिनिटं तुम्ही काय करत होता?"

"हसत होतो. मग भाकऱ्या करत होतो."

त्यानं घड्याळ बघितलं, चाकांची खाट ढकलायला सांगितली आणि आत गेला. शोभा बाकावर बसून रडायला लागली. "मावशी, हसलो ते कशाला सांगितलात?"

"हसलो म्हणून."

आत काय चाललं होतं ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं. आम्ही बाहेर बसलो होतो तेवढ्या वेळात अक्का कोण ते तुम्हाला सांगते.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत ती आया होती. तीस वर्षं. पोरांची नाकं पुसायची, चड्ड्या बदलायची, सुट्टी झाली की हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायची. वयानं ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण आख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. ती मला मावशी म्हणायची. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती बेळगावला. शाळेतली नोकरी सुटली तशी अक्का आमच्यात आली. रोगाच्या साथीत सगळं बंद होतं तेव्हा मुलीनं तिच्या फोनवर या मालिका घालून दिल्या. तेव्हापासून तिला दुसरं काही चालेना.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुला त्यांची भाषा कळते काय?"

"पहिलीतल्या पोरांची तरी कुठं कळायची? तोंड बघितलं की कळतं."

तिची मतं ऐकण्यासारखी असायची, कारण ती कुणालाही हिरो म्हणून बघत नव्हती. सगळ्यांना शाळेतली पोरं म्हणून बघायची. एखादा मोठ्या कंपनीचा वारस, सूट घातलेला, कुणाशी धड बोलत नाही, सगळ्यांवर खेकसतो. शोभा म्हणायची, "किती देखणा आहे." अक्का म्हणायची, "याला घरी कुणी जेवायला वाढत नाही. असली पोरं मधल्या सुट्टीत दुसऱ्याचा डबा लाथाडतात." आणि चार भाग गेले की तो पोरगा एवढ्या मोठ्या टेबलाशी एकटाच जेवताना दिसायचा. गंगव्वा हात जोडायची.

हिरो मुलीचं मनगट धरून ओढत नेतो, ते तिला मुळीच खपायचं नाही. "मी एखाद्या पोराला असं ओढलं असतं तर हेडमास्तरांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि ह्याला बघा, मागं गाणं लावलंय."

सासू हॉटेलात बसून मुलीच्या तोंडावर पेल्यातलं पाणी फेकते. हे त्यांच्यात फार चालतं म्हणे. आम्हाला त्या मुलीची कीव यायची. अक्काला यायची नाही. "ती घरी जाऊन तोंड पुसेल. टेबल कोण पुसणार? ती मागं उभी आहे ती पोरगी. तिला एक तरी वाक्य दिलंय का बघा." तेव्हापासून मला ऐकताना त्या मागच्या पोरीचीच काळजी लागायची, आणि तिला कधीच वाक्य नसायचं.

दुसरा हिरो म्हणून एक असतो. तो चांगला असतो. छत्री धरतो, औषध आणून देतो, आणि शेवटी मुलगी त्याला मिळत नाही. शोभा नेहमी त्याच्या बाजूनं. अक्का चिडायची. "दहा भाग दारात उभा आहे. आत जाऊन विचारलंय एकदा तरी? तोंड उघडायला काय झालंय?" तोंड उघड, हे तिचं सगळ्यांनाच सांगणं होतं. हिरोला, हिरोइनीला, हिरोइनीच्या बापाला. ती म्हणायची, या लोकांनी पहिल्याच भागात तोंड उघडलं असतं तर सोळा भाग लागलेच नसते. मग थांबून म्हणायची, "पण मग आपण दुपारी काय केलं असतं?"

त्यांचं जेवण तिला पसंत होतं. "रडतात आणि रडता रडता जेवतात. हे बरं आहे. आपल्याकडं रडणारी ताट सारून उठते आणि मग रात्री फडताळात हात घालते." बायका मिळून कोबीला तिखट चोळताना दाखवतात, तेव्हा ती फोन आमच्याकडं फिरवायची. मलाही त्या वेळी मान वळवावी लागायची. "बघा, ती कडेची. हात चालत नाही, तोंड चालतंय. आपली शोभा."

एक गोष्ट मात्र तिला पटायची नाही. दहाव्या-अकराव्या भागात कळतं की हिरो आणि हिरोईन लहानपणी भेटलेले असतात. एकानं दुसऱ्याला पाण्यातून काढलेलं असतं, असं काहीतरी. अक्का म्हणायची, "तीस वर्षं मी पोरांना रस्ता ओलांडून दिला. हुबळी एवढीशी आहे. एक तरी परत भेटायला नको होता का?"

आता तुम्हाला वाटेल, तो डॉक्टर तिच्या हाताखालून गेलेला निघाला. मलाही बाकावर बसल्या बसल्या तसं वाटून गेलं. म्हणून तो बाहेर आला तेव्हा मी विचारलं, तुमचं गाव कुठलं. तो बिदरचा होता.

तो म्हणाला, "गुठळीच आहे. सुई दिली. वेळेत बसलं. आता उद्यापर्यंत बघायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी, पाच मिनिटं सांगितली असती तरी सुई दिली असती. पण खरं सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या वेळी हसू नका."

"पुढच्या वेळी ती पडणार नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी बेळगावहून मुलगी आली. अक्का वाचली, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोळे सगळं समजल्यासारखे बघायचे. तोंडातून हवा यायची, शब्द यायचा नाही.

अकराव्या दिवशी तिला घरी आणलं. मुलगी कामावर सुट्टी टाकून राहिली. मी रोज दुपारी भाकऱ्या आटपल्या की जायचे. बोलणं शिकवणारी एक बाई यायची, ती अक्काला गाईचं चित्र दाखवायची, आंब्याचं दाखवायची, म्हणा म्हणायची. अक्का भिंतीकडं बघायची. मला वाटलं, मीही बघितलं असतं. साठ वर्षं ओलांडलेल्या बाईला कुणी गाय काय म्हणून दाखवतं?

मालिका मात्र ती बघायची. डाव्या हातात फोन धरून. आवाज फोनचा असायचा, तिचा नसायचा. मी शेजारी बसायचे, सवयीनं पाठ करून. मग लक्षात आलं की काहीच समजत नाही. सहा वर्षं मी मालिका ऐकत नव्हतेच, तिला ऐकत होते. म्हणून मी तोंड फिरवून पहिल्यांदाच मालिका नीट बघायला लागले.

माणसं बरी दिसत होती. एक घड्याळं दुरुस्त करणारा मनुष्य होता, त्याच्या दुकानाच्या खालच्या खोलीत एक बाई राहायची. ही मालिका मला माहीत होती. अक्कानं दोन वर्षांपूर्वी सगळी सांगितली होती. ती बाई त्याची थोरली बहीण. तिनंच त्याला वाढवलं. आता तो लग्न करायचं म्हणतो आणि तिला भीती की आपण उघड्यावर पडू, म्हणून ती बोलत नाही. गंगव्वा त्या बहिणीसाठी किती हळहळली होती.

"मला बोलणं कळत नाही," मी मुलीला म्हणाले. तिनं काहीतरी दाबलं आणि सगळे हिंदीत बोलायला लागले. थोड्या वेळानं मी विचारलं, "ही बाई त्याची कोण?"

"बायको. सोडलेली. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून खाली राहते."

"आईला हे माहीत नव्हतं?"

"आई कोरियनमध्येच बघायची. हिंदी लावलं की ओरडायची. म्हणायची, हा आवाज त्या माणसाच्या तोंडाला बसत नाही."

मी थक्क झाले. पुढचा आठवडाभर मी मुलीकडून एकेका जुन्या मालिकेची चौकशी केली. ज्याला अक्का वकील म्हणायची तो पोलीस होता. मेला म्हणून ज्याच्यासाठी गंगव्वा दोन दिवस नीट जेवली नव्हती, तो अमेरिकेला गेला होता. सहा वर्षं आम्ही चौघी एक मालिका बघत होतो आणि जगात दुसरं कुणीही ती बघत नव्हतं.

मी लपवून ठेवणाऱ्यातली नाही. अक्काच्या समोर बसले आणि म्हणाले, "अक्का, ती घड्याळवाल्याची बहीण नाही. बायको आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"आणि वकील पोलीस निघाला. सहा वर्षं तू आम्हाला थापा मारल्यास."

तिचा चेहरा लाल झाला. डावा हात गादीवर आपटला. तोंड हललं, वाकडं झालं, गालाची एक बाजू ओढली गेली. मुलगी धावत आली, म्हणाली, "मावशी, तिला चिडवू नका, बीपी वाढेल."

"इल्ला," अक्का म्हणाली.

म्हणजे कन्नडमधलं 'नाही'. दीड महिन्यात आलेला पहिला शब्द. मुलीनं तोंडावर हात धरला. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण मला जाणून घ्यायचं होतं.

"इल्ला काय? हिंदीत स्वच्छ सांगितलंय. बायको."

"इल्ला! ब... ब..." तिला घाम फुटला. "बैण."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. रोज एक खरी गोष्ट घेऊन जायचे आणि ती खोटी आहे असं अक्का मला सांगायची. आधी एका शब्दात, मग दोन. गाय-आंबेवाली बाई म्हणाली, तुम्ही काय करता ते मला शिकवा. मी म्हणाले, भांडतो.

एकदा अक्कानं फोन माझ्याकडं सारला आणि बोटानं एक जागा दाखवली. घड्याळवाला जेवत होता. ती बाई त्याच्या समोर बसून मासा सोलत होती. एकेक काटा काढायची आणि तुकडा त्याच्या वाटीत ठेवायची, त्याच्याकडं न बघता. त्यानंही मान वर केली नाही. सगळा मासा संपला तेव्हा तिच्या वाटीत नुसता भात होता.

"बघ," अक्का म्हणाली. "बायको... असं..." पुढचं तिला जमलं नाही. तिनं हात हलवला.

मी ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. तीन वेळा बघितलं. माझं लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि पन्नास वर्षं मी एका माणसाला वाढलं. मी कधी असं वाढलं नाही. माझ्या भावाला वाढलं होतं. हिंदीवाले काहीही म्हणोत, मला अजून कळत नाही की ती बाई कोण होती. लिहिणाऱ्याला तरी ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

मुलीची सुट्टी संपली आणि ती अक्काला बेळगावला घेऊन निघाली. घर सोडून दिलं. सामान टेम्पोतून आधीच गेलं होतं. रडायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलं होतं. गंगव्वा रडली, ती रडतेच. शोभानं कडक भाकऱ्यांचं एक पुडकं बांधून दिलं. अक्काला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. गाडी वळली तेव्हा ती डाव्या हातानं ड्रायव्हरला काहीतरी समजावत होती आणि तो मान डोलवत होता.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिच्या चुलीपाशी आम्ही दुसरी कुणी बसवली नाही. तिघींत काम भागतं. शोभा आपला फोन लावते, हिंदीत. गोष्ट नीट समजते. पण फार लवकर समजते, आणि मग नुसत्या भाकऱ्या उरतात.

अक्का गेली असेल असं तुम्ही धरून चालला असाल, कारण माणूस गेल्याशिवाय त्याच्यावर लिहायला कुणाला सवड होत नाही. ती गेलेली नाही. बेळगावात मुलीकडं आहे, काठी घेऊन गच्चीपर्यंत चढते. झटका आला तिला, अर्धा तास उशीर केला आम्ही, आणि वाचली ती.